सावित्रीचे खोरे आणि अरण्यविद्येचा विद्यार्थी

वन्यप्राण्यांचे जीवन आणि त्यांच्या उजाड झालेल्या अधिवासांचे पुनरुज्जीवन हा आपल्या आयुष्याचा अभ्यासविषय व्हावा, अशी इच्छा ज्या पदवीधर तरुणाच्या वा तरुणीच्या मनात मूळ धरते, त्याच्यापुढे आज कोणत्या वाटा मोकळ्या आहेत, त्या वाटांनी पूर्वी कोण गेले, त्यांनी काय मिळवले आणि कोणते काम पुढच्यांसाठी शिल्लक ठेवले, या प्रश्नांचा आढावा घ्यावयाचा तर तो एखाद्या विशिष्ट भूप्रदेशावर पाय रोवूनच घेतला पाहिजे. कारण परिस्थितिविज्ञान हे असे शास्त्र आहे की ज्यातील व्यापक सिद्धांतसुद्धा कोणत्या तरी एका डोंगराच्या, एका नदीच्या आणि एका पावसाळ्याच्या साक्षीनेच सिद्ध होतात. प्रस्तुत लेखासाठी तो प्रदेश म्हणून महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून आत असलेले दोन तालुके घेतले आहेत.

कोकण रेल्वेचा रोहे ते वीर हा टप्पा १९९३ साली खुला झाला आणि महाडच्या मुलखाला मुंबईकडे जाण्याची एक नवी वाट मिळाली. या वीरच्या पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत आहे आणि पश्चिमेस खाडीचा मुलूख. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूरच्या डोंगरउतारांवरून खाली येते, महाडच्या परिसरात काळ आणि गांधारी यांचे पाणी पोटात घेते, दासगावकडे जाता जाता भरती-ओहोटीच्या अधीन होते, आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामधून समुद्रास मिळते. घाटमाथ्याचे सदाहरित रान, उतारावरचे ऐन-किंजळीचे पानगळीचे रान, जांभ्याचे सडे, भातखाचरे, मगरींचे वास्तव्य असलेले नदीचे डोह, खाजणे आणि खारफुटी असे एकाहून एक भिन्न अधिवास एवढ्या थोड्या अंतरात एकामागून एक यावेत, ही गोष्ट अभ्यासकाच्या दृष्टीने भाग्याची म्हटली पाहिजे. या भाग्याचा विनियोग करण्यास जो विद्यार्थी सिद्ध होतो, त्याला शास्त्राची पद्धत, भूमीचे ज्ञान आणि दीर्घ काळ यांची जोड लागते. यांपैकी पहिली दोन परिश्रमाने मिळतात. तिसरे कोणाही एकट्याला मिळत नाही, आणि म्हणून त्याची तरतूद समाजाने केली पाहिजे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पूर्वसूरी

आपल्याकडे या शास्त्राचा आरंभ शिकारी आणि हौशी निसर्गनिरीक्षक यांच्या टिपणांतून झाला. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्या टिपणांना संग्रहालय दिले, नियतकालिक दिले, आणि परस्परांच्या नोंदी तपासून पाहण्याची शिस्त दिली. त्याच वर्षी मुंबई सरकारच्या गॅझेटियरमालेतील कुलाबा (आजचा रायगड) व जंजिरा यांचा खंड प्रसिद्ध झाला आणि, महसुली अंमलदारांच्या नजरेतून का होईना, या जिल्ह्याच्या जमिनी, राने, पिके आणि जाती-जमाती यांचे एक सविस्तर दप्तर तयार झाले, जे आजच्या संशोधकालाही तुलनेचा एक आधार म्हणून हाताशी घेता येते.

निरीक्षणाचे शास्त्र कसे होते, हे पाहावयाचे असेल तर याच जिल्ह्यातील किहीमकडे वळावे लागते. नोकरी सुटलेले सलीम अली अलिबागजवळच्या या गावी येऊन राहिले असता, १९३० साली त्यांनी घराजवळील सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे पावसाळ्यात दिवसेंदिवस निरीक्षण केले, आणि असे दाखवून दिले की नर आधी अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, आणि एक संसार मार्गी लागला की तोच नर दुसरे घरटे विणावयास घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. १९३१ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाला यंत्रसामग्री लागली नाही. एकाच वसाहतीवर खिळलेली दृष्टी, नित्याची वही आणि आधीपासून ठरवलेला प्रश्न एवढ्यावर तो उभा राहिला. पुढे मुंबई विद्यापीठाने सोसायटीला पदव्युत्तर संशोधनाचे केंद्र म्हणून मान्यता दिली, आणि सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिणाऱ्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी विजयकुमार आंबेडकर यांचा भारतातील सुगरण पक्ष्यांवरील अभ्यास १९६४ साली विद्यापीठाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. गुरूने किहीमला हाती घेतलेला विषय शिष्याने पुढे नेला आणि त्यातून प्रबंध सिद्ध झाला, ही घटना या विद्येच्या परंपरेत विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अमेरिकेत १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने आल्डो लिओपोल्ड यांची वन्यजीव-व्यवस्थापनाच्या नव्या अध्यासनावर नियुक्ती केली, आणि त्याच विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात, त्या दशकाच्या मध्यास, पडीक शेतजमिनीवर मूळचा गवताळ प्रदेश पुन्हा उभा करण्याचा प्रयोग सुरू झाला. तो आज जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही चालू आहे, आणि अधिवास-पुनरुज्जीवन या विद्याशाखेच्या जन्मकाळाची खूण म्हणून त्याचा उल्लेख होतो. वन्यप्राण्याचा अभ्यास आणि त्याच्या भूमीची शुश्रूषा ही एकाच ज्ञानाची दोन अंगे आहेत, ही जाणीव तेथे प्रथमपासून होती.

आपल्याकडे ती जाणीव माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांच्या देवरायांवरील कामातून दृढ झाली. हार्वर्ड विद्यापीठातून १९६९ साली डॉक्टरेट घेतलेले गाडगीळ १९७१ साली स्वदेशी परतले, आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांच्यासह त्यांनी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या देवराया पायी हिंडून नोंदल्या. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपल्या काळकाईच्या राईची तोड थांबावी म्हणून या अभ्यासकांकडे धाव घेतली, कारण गावाचा बारमाही ओहोळ त्याच राईतून निघत होता. आणि अशा रीतीने ग्रामस्थांचे पाण्याविषयीचे व्यावहारिक ज्ञान आणि विद्यापीठीय वनस्पतिशास्त्र यांची गाठ पडली. देवरायांवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७६ साली निघाला. पुढे गाडगीळांनी कैलास मल्होत्रा यांच्यासह सह्याद्रीच्या माथ्यावर वस्ती करणाऱ्या गवळी-धनगरांच्या जीवनपद्धतीचाही परिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने अभ्यास केला, आणि माणूस हा रानाबाहेरचा उपद्रवी घटक आहे या समजुतीला धक्का दिला.

शिक्षणाच्या वाटा

महाड किंवा पोलादपूरच्या महाविद्यालयातून प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी मिळवणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज अनेक दरवाजे आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय आहे. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयाने जैवविविधतेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला, भारती विद्यापीठाची पर्यावरणशिक्षण व संशोधन संस्था १९९३ पासून काम करीत आहे, आणि प्रकाश गोळे यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन आणि निसर्गाचे पुनरुज्जीवन यांचे शिक्षण अशांनाही दिले की ज्यांची मूळ पदवी वास्तुशास्त्राची, वाणिज्याची किंवा अभियांत्रिकीची होती. देशपातळीवर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ साली स्थापन झाली आणि १९८८ पासून तेथे वन्यजीवविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालू आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात २००४ साली तशाच स्वरूपाचा अभ्यासक्रम सुरू झाला. या दोन्ही ठिकाणी जागा थोड्या, चाचणी कठोर आणि क्षेत्रकार्याचा वाटा मोठा असतो.

आर्थिक अडचण हा या वाटेवरील पहिला चढ आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. रानातील काम कुटुंबाला लवकर उत्पन्न देत नाही. प्रबंधाची वर्षे वाढत जातात आणि घरचे लोक बँकेच्या परीक्षेची आठवण करून देतात. डॉक्टरेटसाठी केंद्राची नेट परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारी छात्रवृत्ती आहेच; त्याखेरीज महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या स्वायत्त संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला यांची माहिती बहुधा उशिरा पोचते, आणि अर्जाची मुदत टळून जाते. महाविद्यालयातील प्राध्यापकाने दुसऱ्या वर्षातच ही माहिती त्याच्या हाती ठेवली, तर एका मनुष्याचे आयुष्य वेगळ्या दिशेला लागू शकते.

पदव्यांच्या या क्रमात प्रत्यक्षात फार मोठे स्थान असूनही ज्याचा उल्लेख माहितीपत्रकांत नसतो, तो टप्पा म्हणजे उमेदवारी. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण, किंवा पदव्युत्तर शिक्षण आणि डॉक्टरेट, यांच्यामध्ये एखाद्या प्रकल्पावर साहाय्यक म्हणून घालवलेली एक-दोन वर्षे या शास्त्रात अमूल्य ठरतात. ठरवून दिलेल्या रेषेवरून पहाटे चालत जाऊन दिसलेल्या प्रत्येक प्राण्याचे अंतर व कोन मोजणे, स्वयंचलित कॅमेरे झाडांना बांधून त्यांतील छायाचित्रांवरून वाघ-बिबट्यांचे पट्टे-ठिपके जुळवणे, विष्ठेतील केस सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे, रोपट्यांवर पत्र्याचे बिल्ले बांधून दर हंगामाला त्यांची उंची व घेर घेणे, ही कामे पुस्तकावरून शिकता येत नाहीत. त्यांच्याबरोबरच संख्याशास्त्र आले. जे दिसले नाही ते तेथे नव्हतेच असे म्हणता येत नाही, हे तत्त्व गणिताने पेलावयाचे असते. नागरहोळेत उल्हास कारंथ यांनी वाघांच्या गणनेसाठी पुनर्ग्रहणाची संख्याशास्त्रीय पद्धत रूढ केली, ती याच कारणासाठी. ज्याला अरण्य आवडते आणि गणित नकोसे वाटते, अशा विद्यार्थ्याने दुसऱ्याशीही मैत्री करावी, हा सल्ला या क्षेत्रातील प्रत्येक ज्येष्ठ देईल.

याच टप्प्यावर सरकारी दप्तराशीही परिचय होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे अभयारण्यात संशोधनासाठी प्रवेश करावयाचा तर कलम २८ अन्वये, आणि संरक्षित प्राणी पकडून त्याला खूण करावयाची वा रेडिओपट्टा बांधावयाचा तर कलम १२ अन्वये, मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वसंमतीही लागते. परवान्याचा अर्ज नीट लिहिणे, त्यात आपल्या कामाने प्राण्याला किती त्रास होईल याचा प्रामाणिक अंदाज देणे, आणि काम संपल्यावर अहवाल दाखल करणे, हा संशोधकाच्या नीतिशिक्षणाचाच भाग समजावा.

पुनरुज्जीवन कशाचे?

वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्याने जे आहे ते नीट पाहिले तरी त्याचे काम बरेचसे होते. अधिवासाचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्याला मात्र पूर्वी काय होते, आज काय शक्य आहे आणि पुढे काय इष्ट आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. महाड-पोलादपूरच्या डोंगरावर पूर्वी काय होते? या प्रश्नाचे सरळ उत्तर नाही, कारण हे रान शतकानुशतके माणसाच्या हाताखालून गेलेले आहे. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजावयाची म्हणून झाडांची कवळ तोडून, पालापाचोळा व शेण पसरून राब भाजण्याची रीत होती. वरकस उतारांवर नाचणी-वरीची फिरती लागवड होती. कातकरी व ठाकूर यांना जंगलात दळी जमिनी तोडून दिलेल्या होत्या. स्वातंत्र्योत्तर काळात मालकीची राने ठेकेदारांना विकली गेली आणि लाकूड व कोळसा बाहेर गेला. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने संपादन अधिनियमाने अशा रानांची मालकी सरकारकडे वळवली, तरी सातबाराच्या उताऱ्यावरील नोंदी आणि प्रत्यक्ष कब्जा यांचा मेळ सर्वत्र बसला नाही, आणि त्या तंट्यांचे फेरफार आजही तलाठ्याच्या दप्तरात सापडतात. फाल्गुन-चैत्रात लागणारे वणवे कोवळी रोपे जाळतात आणि आगीला टिकणाऱ्या मोजक्या जातींनाच वर येऊ देतात. उताराचा एखादा तुकडा आज का उजाड आहे, हे समजण्यासाठी विद्यार्थ्याला मातीच्या नमुन्याइतकाच जमाबंदीचा कागद वाचता आला पाहिजे.

यातून दुसरी गोष्ट निघते ती अशी की उजाड दिसणारी प्रत्येक जमीन उजाड झालेली असतेच असे नाही. कोकणातील जांभ्याचा सडा आठ महिने काळा, रखरखीत खडक असतो. पहिल्या पावसानंतर त्यावरील उथळ डबक्यांत व फटींत कीटकभक्षी व इतर चिमुकल्या वनस्पतींची सृष्टी अवतरते आणि तिच्यातील अनेक जाती पृथ्वीवर इतरत्र कोठेही नसतात. अपर्णा वाटवे यांनी २०१३ साली उत्तर सह्याद्री आणि कोकण यांतील खडकाळ पठारांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्याने हे सडे व पठारे स्वतंत्र अधिवास म्हणून मानले जावेत या मागणीला भक्कम आधार दिला. अशा सड्यावर सुरुंग लावून खड्डे घ्यावेत आणि त्यांत ऑस्ट्रेलियन बाभूळ वा गिरिपुष्प लावावे, यास वृक्षारोपण म्हणता येईल. अधिवासाचे पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही. घाटावरील गवताळ माळांविषयीही असाच गैरसमज रूढ होता की ते तुटलेल्या अरण्याचे अवशेष आहेत. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मराठी संतांचे वाङ्मय, चरित्रग्रंथ आणि मौखिक गीते यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून असे दाखवले की पश्चिम महाराष्ट्रातील ही विरळ झाडांची गवताळ राने शेकडो वर्षांपूर्वीही तशीच होती. आपल्या भाषेचे जुने वाङ्मय हे परिस्थितिविज्ञानाचे साधन होऊ शकते, आणि त्या साधनाचा उपयोग मराठी विद्यार्थी जितक्या सहजतेने करील तितक्या सहजतेने इतर कोणी करू शकणार नाही, ही गोष्ट उत्साह देणारी आहे.

आता जेथे रान खरोखरच नष्ट झाले आहे तेथे काय करावे, याविषयीचे ज्ञान गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ वाढले आहे. तामिळनाडूतील वालपराईच्या चहामळ्यांमध्ये शिल्लक राहिलेल्या वर्षावनाच्या तुकड्यांत दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या वतीने या शतकाच्या आरंभापासून स्थानिक जातींची मिश्र रोपे लावली, तण काढले, आणि कालांतराने लागवड केलेल्या व तशाच सोडलेल्या तुकड्यांची तुलना केली. लावलेल्या तुकड्यांत झाडांची विविधता आणि साठलेला कार्बन ही दोन्ही अधिक वेगाने परतली, तरी मूळ अरण्याची बरोबरी झाली नाही. कोस्टारिकात कॅरेन हॉल आणि राकान झाहावी यांनी २००४ पासून चालवलेल्या प्रयोगात सर्व जमीन रोपांनी भरून काढण्याऐवजी झाडांची लहान लहान बेटे लावली. त्या बेटांवर विसावणाऱ्या पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी रानातून बिया आणल्या, आणि पंधरा वर्षांनंतर असे दिसून आले की कमी खर्चात रान जवळपास पूर्ण लागवडीइतकेच परतते. संगमेश्वर परिसरात अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने बेहड्याची फळे जपून काढणाऱ्यांना प्रमाणित बाजारपेठ मिळवून दिली, तेव्हा ज्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटी करतात, ती झाडे तोडण्यापेक्षा राखणे मालकाला परवडू लागले. या तिन्ही उदाहरणांत एक समान तत्त्व आहे. प्राणी परतला म्हणजे पुनरुज्जीवन पूर्ण झाले असे आपण मानतो. वस्तुतः प्राणी हा त्या कामाचा मजूरही असतो. धनेश, बुलबुल, उदमांजर आणि वटवाघूळ यांच्यावाचून जांभूळ, बेहडा किंवा उंबर डोंगर चढत नाही. यास्तव वन्यजीवशास्त्र शिकणाऱ्याने रोपवाटिकेत, आणि रोपवाटिका चालवणाऱ्याने पक्ष्यांच्या मागे, काही काळ काढला पाहिजे.

प्राणी, माणसे आणि श्रद्धा

या खोऱ्याच्या आसपास गेल्या दोन-तीन दशकांत झालेल्या कामांपैकी काही कामे विद्यापीठाबाहेर उभी राहिली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात हजारास एक इतकी खाली आली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाऊन त्याचे मूत्रपिंड निकामी करते, हे कारण २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ साली सरकारने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. महाडच्या प्रेमसागर मेस्त्री यांच्या सीस्केप या संस्थेने म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे झाडांवरील घरट्यांची राखण, पिल्लांची नोंद आणि मृत जनावरांचा पुरवठा हे काम वर्षानुवर्षे चालवले. सावित्रीच्या मुखाशी वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली सागरी कासवांची घरटी राखण्यास आरंभ केला, आणि वीस वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच किनाऱ्यावर अंडी घालण्यास आलेल्या ‘प्रथमा’ या कासवाच्या पाठीवर उपग्रहयंत्र बसवले. ग्रामस्थांनी दोन दशके वाळूत राखण केली नसती, तर शास्त्रज्ञाला यंत्र बसवावयास किनारा निवडणे कठीण गेले असते.

माणसांनी भरलेल्या मुलखात मोठा प्राणी कसा राहतो, या प्रश्नाला विद्या अत्रेय यांच्या संशोधनाने नवे वळण दिले. अकोले तालुक्यातील उसाच्या शेतांत त्यांनी कॅमेरे लावले आणि दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वी जुन्नर भागाच्या अभ्यासातून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेही दाखवले होते की पकडलेले बिबटे दूरच्या रानात नेऊन सोडल्याने माणसांवरील हल्ले कमी न होता वाढतात. महाडच्या वस्तीला लागून असलेल्या सावित्रीतील मगरींविषयी असाच शांत, दीर्घ अभ्यास व्हावा, अशी निकड आहे. औद्योगिक वसाहतीचा शेजार, खाडीत जाणारे सांडपाणी, वाळूचा उपसा आणि महापूर यांच्यामध्ये मगर अंडी कोठे घालते, पिल्ले कोठे वाढतात आणि कपडे धुण्याच्या घाटांशी तिचा संबंध कोणत्या महिन्यांत येतो, हे प्रश्न एका प्रबंधाला पुरेसे आहेत.

याच तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील महसीर मासे देवीचे मानले जातात, त्यांना कोणी पकडत नाही, आणि भाविक त्यांना खाऊ घालतात. महसीरची जात सह्याद्रीच्या अनेक नद्यांत धरणे, सुरुंगाने व विषाने होणारी मासेमारी आणि प्रदूषण यांमुळे क्षीण झाली असताना एका श्रद्धेने रक्षिलेल्या डोहात ती नांदावी, हे दृश्य विद्यार्थ्यापुढे अनेक प्रश्न ठेवते. या डोहातील मासे पावसाळ्यात वरच्या अंगाला अंडी घालण्यास जातात का, गेल्यास तेथे त्यांना संरक्षण आहे का, बाहेरच्या अन्नाने त्यांच्या वाढीवर काय परिणाम होतो, आणि डोहाबाहेरच्या पाण्याला या राखीव साठ्याचा लाभ किती मिळतो, याची उत्तरे मोजमापानेच मिळतील. परंतु ते मोजमाप करण्याआधी गावकीची अनुज्ञा घेणे, देवस्थानाच्या मानकऱ्यांना आपला हेतू समजावून सांगणे आणि माशाला हात न लावता करता येण्याजोगी पद्धत शोधणे, हे संशोधकाचे कर्तव्य आहे. श्रद्धेने जे राखले त्याला शास्त्राने इजा करू नये.

आणखी एका बाबतीत या मुलखाने संशोधकाला नम्र केले पाहिजे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या, आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला. त्याच अतिवृष्टीत पोलादपूरच्या वाड्यांवरही माणसे गाडली गेली आणि महाड शहर पुराखाली बुडाले. अशा आपत्तीनंतर झाडे लावा म्हणजे दरडी थांबतील असे म्हणण्याचा मोह होतो. झाडांची मुळे उथळ माती धरून ठेवतात, ओहोळांची धूप कमी करतात. परंतु खोलवर पाणी मुरून सुटणाऱ्या जाड थराला ती पुरी पडत नाहीत. पुनरुज्जीवनाचा अभ्यासक जेव्हा भूशास्त्रज्ञाशेजारी बसून हा फरक लोकांना समजावून सांगेल, तेव्हाच त्याचा शब्द संकटकाळी विश्वसनीय ठरेल.

काळाचा प्रश्न

या सर्व आढाव्यातून जो मुद्दा पुनःपुन्हा वर येतो, तो काळाचा आहे. पोलादपूरच्या उतारांवर वाढणारी कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून मरते. डॉक्टरेटची छात्रवृत्ती मात्र पाच वर्षांची असते. ज्या विद्यार्थ्याने कारवीच्या फुलोऱ्याचा मधमाश्यांवर, उंदीर-घुशींवर आणि तिच्या सावलीत दबलेल्या रोपांवर काय परिणाम होतो हा प्रश्न घेतला, त्याचे दप्तर एका आवर्तनाच्या आतच बंद होते. लावलेल्या ऐनाला फळ धरण्यास, वणवा थांबवलेल्या उतारावर दुसऱ्या पिढीची झाडे दिसण्यास, गिधाडांच्या वसाहतीला पूर्वस्थिती येण्यास लागणारा काळ याहून मोठा आहे. विस्कॉन्सिनचा गवताळ प्रयोग, वालपराईचे तुकडे, कोस्टारिकेतील बेटे आणि वेळासचा किनारा यांनी जे ज्ञान दिले, ते कोणी तरी पुढच्यासाठी नोंदवही सांभाळून ठेवली म्हणून दिले. १९८८ साली भारतीय विज्ञान संस्थेने रामन सुकुमार यांच्या पुढाकाराने मुदुमलईच्या रानात ५० हेक्टरांचा कायम चौकोन आखला आणि त्यातील प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. त्या चौकोनात विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या आल्या आणि गेल्या, परंतु झाडांची मोजणी चालू राहिली. तेथे शिकणारा प्रत्येक नवा विद्यार्थी आपल्या पहिल्याच दिवशी अनेक वर्षांच्या माहितीचा वारस होतो.

असा वारसा महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यालाही मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी ५० हेक्टरांची वा कोट्यवधी रुपयांची आवश्यकता नाही. तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाने ग्रामपंचायतीच्या संमतीने एक देवराई, एक वणव्यापासून राखलेला उतार, एक जांभ्याचा सडा आणि नदीचा एक डोह अशी चार ठिकाणे कायमची निवडावी. त्यांतील झाडांना क्रमांक द्यावे. पहिला पाऊस, कारवीचा फुलोरा, वणव्याची तारीख, घरट्यांची संख्या, पाण्याची पातळी यांची नोंद वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राच्या पदवीवर्गाने दरवर्षी करावी, आणि ती वही प्राध्यापकाच्या बदलीबरोबर न जाता महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या दप्तरात राहावी. कातकरी, धनगर आणि कुणबी जाणकारांना या कामाचे मानधन द्यावे आणि नोंदीवर त्यांची नावे लिहावीत, कारण रानातील कित्येक जातींची ओळख विद्यार्थ्याला त्यांच्याकडूनच होणार आहे. डेहराडून, बंगळूर किंवा पुणे येथे शिकून परत येणाऱ्या संशोधकाला मग आपल्या गावी शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही.

पुष्कळ मुले या वाटेने जाऊन परत येणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ज्या ठिकाणी काम आहे तेथे माणूस जातो. परंतु परत येण्यासारखे काही आपण येथे उभे करून ठेवणे हे आपल्या हाती आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनाचे दशक म्हणून जाहीर केले आहे, आणि त्यातील बरीचशी वर्षे उलटून गेली आहेत. दशके जाहीर होतात आणि सरतात. महाविद्यालय, गाव आणि नदी राहतात. म्हणून या जूनमध्ये नव्या वर्षाचे प्रवेश सुरू होतील तेव्हा एखाद्या प्राचार्यांनी पहिल्या वर्षाच्या वर्गाला एक कोरी वही आणि एका राईचा नकाशा द्यावा, आणि ती वही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवावी; सावित्रीच्या खोऱ्यातील अरण्यविद्येची शाळा तेवढ्यावर सुरू होऊ शकते.